थकलेली फी आणि वसुलीचा खर्च

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका आप्तांच्या घरी अमेरिकेहून एक पत्र आले. त्यांचा पुतण्या तिकडे एका महाविद्यालयात शिकावयास गेला होता. मातोश्रींच्या दुखण्याची वार्ता कळताच तो सत्र अर्धे टाकून परतला. त्या गडबडीत नाव रीतसर काढून घ्यावयाचे राहिले आणि फीचा दुसरा हप्ता, २४०० डॉलर, तसाच थकला. पत्र मात्र महाविद्यालयाचे नव्हते. ते वसुलीचा धंदा करणाऱ्या एका कंपनीचे होते, व त्यात आकडा ३२०० डॉलरांचा होता. आप्तांनी कागद आमच्यापुढे सरकवून विचारले, "मास्तर, पोराने आमच्यापासून काही लपविले काय?"

पोराने काही लपविले नव्हते. वरचे ८०० डॉलर हा 'वसुलीचा खर्च' होता.

त्रैराशिके शिकविण्यात आमची हयात गेली, म्हणून प्रथम हिशेबच मांडून दाखविला. कंपनी वसूल झालेल्या पैशातील चौथाई आपल्याकडे ठेवते असे धरा. (हा शब्द आम्हां मराठी माणसांस अपरिचित नाही, एके काळी ती घेणारे आपणच होतो.) महाविद्यालयास आपले २४०० पुरे हवेत. तेव्हा मुलाकडून इतके घ्यावयाचे की चौथाई वजा जाता २४०० उरावे. ते ३२०० होतात. दलाली चौथ्या हिश्शाची, पण ऋणकोवर बोजा मुद्दलाच्या तिसऱ्या हिश्शाचा. दलाली तिसऱ्या हिश्शाची असेल तर बोजा निम्म्याचा होतो. वाचकांनी ताडून पाहावे. टपालास काय पडले, कारकुनाचा वेळ किती गेला, याच्याशी ह्या आकड्याचा काडीमात्र संबंध नाही. २४० डॉलर थकले असते तर तेच पत्र ८० डॉलरांत पडले असते!

हा भार मुलावर कोणत्या आधाराने घालतात? त्याच्याच संमतीने. तेथे नाव नोंदविताना विद्यार्थ्याकडून आर्थिक जबाबदारीचा करार मान्य करून घेण्याची चाल आहे, व वसुलीचा खर्च आपण सोसू असे कलम त्यात बहुधा असते. आमच्या ह्या मुलाने ते वाचले नव्हते. खरे सांगावयाचे तर, निघण्यापूर्वी त्याने आम्हांसही कागद दाखविले होते, आणि आम्ही केवळ फीचे आकडे पाहून मान डोलाविली होती.

तेथील कायदा याविषयी अगदीच मुका आहे असे नव्हे. १९७७ सालच्या ऋणवसुलीच्या कायद्याप्रमाणे, करारात स्पष्ट लिहिलेली किंवा कायद्याने मान्य केलेली रक्कमच वसुलीवाल्यास मागता येते. २०१४ साली तेथील अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने एका वैद्यकीय देण्याच्या खटल्यात असा भेद केला की, 'वसुलीचा सर्व खर्च' देण्याचे कबूल करणारा मनुष्य प्रत्यक्ष झालेला खर्च देणे लागतो, आगाऊ ठरविलेले शेकडा प्रमाण नव्हे. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. मात्र करारातच शेकडा प्रमाण लिहिलेले असेल तर हा आधार तितका उपयोगी पडत नाही. पर्किन्स नावाच्या विद्यार्थिकर्जाच्या (२०१७ नंतर ती नव्याने दिली जात नाहीत) नियमांत ऋणकोवर घालावयाच्या ह्या खर्चास पहिल्या प्रयत्नात ३० व दुसऱ्यात ४० टक्क्यांची मर्यादा होती. ओहायओ संस्थानात तर सरकारी विद्यापीठांची थकबाकी कायद्याने थेट राज्याच्या महाधिवक्त्याच्या खात्याकडे जाते.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागू नये, असा. तो व्याजापुरता, हे खरे. तथापि दाव्याचा खर्च कोणी व किती द्यावा हे १९०८ च्या दिवाणी संहितेनेही न्यायाधीशाच्या हाती ठेवले आहे, धनकोच्या नव्हे.

दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाही. दलाली महाविद्यालयाने सोसली तर ती अखेरीस वेळेवर फी भरणाऱ्यांच्याच माथी बसते. आमच्या शाळेतही फी थकविणारे काही नादारीस पात्र होते, तर काही बापाच्या नावावर उडाणटप्पूपणा करणारे होते. पण त्यांच्या घरी चिठ्ठी घेऊन शिपाई जाई, त्याचे बसभाडे आम्ही कधी मुलाच्या खाती मांडले नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी एवढे करावे. सत्र सोडणे भाग पडल्यास नाव लेखी काढून घ्यावे, व तेही फी परतीची मुदत सरण्यापूर्वी. खाते वसुलीस जाण्याआधी हप्ते मागावे. कंपनीचे पत्र आलेच तर ३० दिवसांच्या आत देण्याचा पुरावा लेखी मागावा. आमच्या आप्तांचे हे दिवस विचारविनिमयातच गेले. मोठ्या कुटुंबात असे होते.

मुलास पुण्यात पुढे शिकावयाचे होते, आणि देणे फिटेपर्यंत गुणपत्रक मिळणार नव्हते. कॅलिफोर्नियाने अशी अडवणूक २०२० पासून बंद केली आहे, पण हे महाविद्यालय तेथले नव्हे. अखेर आप्तांनी ३२०० भरले. पावतीबरोबर खात्याचा उतारा आला. त्यात वसुलीची कामगिरी नोंदली होती: दोन पत्रे आणि एक दूरध्वनी, तोही मुलाने न उचललेला.