ज्वारीची बिअर नको, माल्ट करा



ज्वारीचा भाव उतरला की वाशी भागातले काही तरुण विचारतात, “साहेब, परदेशात लोक घरी बिअर करतात म्हणे. मग आपल्या ज्वारीची का करू नये?” प्रश्न वेडगळ नाही. बिअर सातूची होते, तशी ज्वारीचीही होते. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी आणि मक्यापासून ‘उमकोम्बोथी’ नावाची बिअर घरी करण्याची जुनी रीत आहे. पण आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे पेय करणे गुन्हा आहे. घरच्यापुरती केली म्हणून सुटका होत नाही. तेव्हा तो नाद सोडावा.

मात्र या विद्येचा पहिला भाग घरात जरूर शिकावा. बिअर करणारे आधी धान्याला मोड आणून ते वाळवतात. त्यालाच माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होते व ते पिठूळ भागाची साखर करते. पुढे यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. आपण साखरेपाशीच थांबायचे.

कृती सोपी आहे. घरच्या खाण्याची एक किलो ज्वारी निवडून घ्या. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे चुकूनही घेऊ नका. ज्वारी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. दीड-दोन दिवस पाणी शिंपडत राहा. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर सगळे टाकून द्या. मोड आले की कडक उन्हात खडखडीत वाळवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे आपण जाणतोच. ज्या द्रव्यापासून ते विष सुटते, तेच ज्वारीच्या मोडांत व मुळ्यांत असते. म्हणून ओली मोडाची ज्वारी उसळीसाठी कधीही वापरू नये. वाळलेले दाणे हातावर चोळून सुपात पाखडावेत. मोड आणि मुळ्या पूर्ण निघाल्यावरच दळावे. निघालेला कोंडा कोंबड्यांना वा गुरांना घालू नये. लहान मुलांसाठी तर नाचणीचाच माल्ट करावा. त्यात ही भीती नाही.

उपयोग असा. ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील शिजवून खाली उतरवा. थोडी निवली, पण चांगली गरम आहे, अशा वेळी चमचाभर माल्टचे पीठ घालून ढवळा. दहा मिनिटांत ती पातळ होते व किंचित गोडही लागते. मग उघड्या भांड्यात पुन्हा चांगली उकळा. माल्टचे पीठ आधी खरपूस भाजू नका. तसे केल्यास त्यातला गुण जातो.

याचा फायदा काय? आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला घट्ट आंबील गिळवत नाही. म्हणून आपण पाणी वाढवतो आणि वाटीतले धान्य कमी होते. माल्टने पाणी न वाढवता आंबील पातळ होते, म्हणजे त्याच वाटीत जास्त धान्य पोटात जाते. सहा महिन्यांवरील बाळाच्या पेजेलाही नाचणीच्या माल्टने हाच गुण येतो.

यंदाच्या मालदांडीतली किलोभर ज्वारी बाजूला काढा आणि उन्हाच्या दिवसांत हा प्रयोग करून पाहा. पाखडण्यात मात्र आळस नको.