माशी मोठी की छोटी? वसाहत घेताना काय बघायचं

मैत्रिणींनो, भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत राहणारी, डंख न मारणारी बारकी मधमाशी तुम्ही पाहिली असेल. लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर. केरळात तिला बांबूत, मडक्यात, लाकडी पेटीत पाळतात. तिच्या मधाला तिथं 'चेरुतेन' म्हणतात, म्हणजे छोटा मध.

वसाहत विकत घेताना कुणी म्हणालं, "आमची माशी मोठी, जातच वेगळी," तर लगेच पैसे काढू नका.

कारण ऐका. सातेरी माशी अळीला पुन्हापुन्हा भरवते. ही तसं करत नाही. कामकरी माश्या कोठडीत एकदाच अन्न भरतात, राणी त्यावर अंडं घालते आणि कोठडीचं तोंड बंद होतं. शिदोरी एकदाच! ती कमी पडली तर माशी बारीक निघते. म्हणजे जात एकच, तरी उपाशी वसाहतीतली माशी लहान दिसू शकते. रंगाचंही तसंच. नुकती जन्मलेली माशी फिकीच असते.

म्हणून अभ्यासक दोन ठिकाणच्या माश्यांची तुलना एका माशीवरून करत नाहीत. अनेक वसाहतींतल्या माश्या घेऊन पंख, मागचे पाय आणि दोन पंख जोडणारे बारीक आकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

आपण काय बघायचं? दारातली ये-जा, पायांवरचा पराग, आतल्या अंड्यांच्या कोठड्या आणि मधाच्या कुप्या. भाव त्यावर ठरवा. पैसा गटाचा आहे, बायांनो!