मडक्यात न डोकावता

झेब्रा फिंचच्या मडक्याला हात लावण्याआधी मुरलेला पाळणारा पिंजऱ्यापासून चार पावलं लांब नुसता उभा राहतो. नर दांडीवर आहे, मादी दिसत नाही. थोड्या वेळाने नर मडक्याच्या तोंडाशी जातो, दोघांची हलकी कुजबुज ऐकू येते, मादी बाहेर येऊन थेट राळ्याच्या वाटीवर उतरते आणि नर आत शिरतो. पाळी बदलली, म्हणजे आत काहीतरी आहे आणि ते दोघं मिळून सांभाळताहेत. तेवढ्यापुरती तपासणी झाली.

आपल्याकडे घरोघरी दिसणारे हे फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. (देशी मुनिया पाळणं मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) बाजूला भोक असलेलं छोटं मडकं टांगलं आणि सुकं गवत, काथ्या दिला की जोडी कामाला लागते. सुती दोरे मात्र देऊ नयेत, पिल्लांच्या पायात गुंततात.

मादी साधारणपणे रोज सकाळी एक अंडं घालते. एकूण चार ते सहा. अंडं जेमतेम एक ग्रॅमचं. नेटाने उबवणं बहुधा तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर सुरू होतं आणि तिथून १२ ते १४ दिवसांनी पिल्लं येतात. म्हणून शहाणा पाळणारा मडक्यापेक्षा कॅलेंडरकडे जास्त बघतो. तारीख लिहिलेली असली, की रोज डोकावायची निम्मी हुरहुर तिथेच शमते.

चिमणीच्या पिल्लाला माणूस शिवला की चिमण्या त्याला टोचून मारतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. फिंचच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. प्रयोगशाळांमध्ये झेब्रा फिंचची पिल्लं हातात घेऊन नियमित वजनं करतात आणि आईबाप त्यांना भरवत राहतात. जोडी घरटं सोडते ती वास लागला म्हणून नव्हे, पुन्हा पुन्हा उठवल्यामुळे. तेही बहुतेकदा सुरुवातीला, घरटं रचताना आणि अंडी घालताना. गोल्डियन फिंच तर आणखी बुजरे. त्यांची अंडी अनेक जण शांत स्वभावाच्या बंगाली फिंचखाली ठेवतात.

बघायलाच हवं असेल, तर सकाळ उलटल्यावर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उकडलेलं अंडं कुस्करून ठेवावं, शेजारी आंघोळीचं पाणी. दोघंही बाहेर आली की दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा आणि बारीक टॉर्च. काही सेकंद, बस. पाच-सहा दिवस उबवलेल्या अंड्यातून उजेड पाठवला तर तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. नुसताच पिवळसर उजेड दिसला तर अंडं बहुधा फळलेलं नाही. रात्री मात्र मडक्याजवळ फिरकूही नये. अंधारात बिथरलेली मादी बाहेर पडली, तर तिला परतीची वाट दिसत नाही आणि अंडी गार पडतात.

आपल्याला शांत वाटणाऱ्या त्या मडक्यात बरंच काही चाललेलं असतं. संशोधक मिलेन मारिएट आणि कॅथरीन ब्युकॅनन यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की तापमान २६ अंशांच्या वर गेलं की उबवणीच्या शेवटच्या दिवसांत आईबाप अंड्यांजवळ एक खास आवाज काढतात. तो ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात लहान चणीची वाढतात. उन्हाळ्यात गॅलरीत पिंजरा ठेवणाऱ्या कुणालाही हे वाचून अंड्याबद्दल वेगळाच आदर वाटेल.

पिल्लं आल्यावर कान जास्त उपयोगी पडतात. पहिल्या दिवसांतली किणकिण हळूहळू चांगलीच मोठी होते. एकदा आत बघितलं तर नजर मानेकडे जावी: उघड्या, पातळ कातडीतून अन्नपिशवीतले दाणे चक्क दिसतात. पिशवी भरलेली असेल तर काळजी नको. रिकामी असेल आणि पिल्लं गप्प असतील, तर पक्ष्यांचा डॉक्टर गाठावा.

पंधराव्या दिवसानंतर डोकावणं पूर्ण बंद. पिसं फुटलेली पिल्लं दचकून वेळेआधीच उडी मारतात आणि परत चढू शकत नाहीत. १८ ते २१ दिवसांत ती आपणहून बाहेर येतात. पुढचे दोन आठवडे आईबाप, विशेषतः नर, त्यांना भरवत राहतात.

ती स्वतः दाणे टिपू लागली की मडकं काढून घ्यावं. न उबलेली अंडी तेव्हा निवांत तपासता येतात. मडकं तसंच ठेवलं, तर मादी लगेच दुसरी वीण घालते, अंगातलं कॅल्शियम सरतं आणि अंडं आतच अडकून तिच्या जिवावर बेतू शकतं. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम असावा, आणि दोन विणींमध्ये तिला काही आठवडे विसावा मिळावा.