संगणकाच्या घरातली चार बिऱ्हाडे

घर लहान पडू लागले की माळा काढायचा, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी रीत. माळा भरला की कॉटखाली ट्रंका सरकवायच्या आणि ट्रंका भरल्या की गॅलरी बंद करून घ्यायची. पण जागा वाढवणे आणि सामान जपणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. माळ्यावर जागा मुबलक असली, तरी तिथे ठेवलेल्या शालूला कसर लागली तर त्या जागेचा काय उपयोग?

घरच्या संगणकाचे नेमके असेच आहे. ‘जागा संपली’ म्हणून आणखी एक हार्ड डिस्क बसवणारे पुष्कळ. कोणत्या डिस्कने कोणते काम करायचे हे ठरवून बसवणारे थोडे. या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींची संख्या चार-दोनांनी तरी वाढावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या संगणकात एकच हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर चौदा वर्षांचा संसार होता. मुंजी, बारशी, सहली, मुलांची गॅदरिंगे, सारे काही तिच्यावर. पण त्या सगळ्यांहून मोलाची होती ती जेमतेम चाळीस मिनिटांची एक फाईल: आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. मूळची ती कॅसेट. तिची फीत जीर्ण होऊ लागली, तेव्हा तिच्यावरचा आवाज संगणकावर उतरवून घेतला. आता आई नाही आणि ती कॅसेटही वाजत नाही.

गेल्या पावसाळ्यात चिरंजीवांनी डिस्कची प्रकृती दाखवणारा एक प्रोग्रॅम चालवला. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती बाजूला टाकते आणि राखीव जागा वापरू लागते. अशा टाकलेल्या जागांची मोजदादही ठेवते. हा आकडा आमच्याकडे दर आठवड्याला वाढत होता.

“बाबा, ही डिस्क म्हातारी झाली,” चिरंजीव म्हणाले.

“अहो, मग सासूबाईंच्या ओव्या?” सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच विचारले. त्या प्रश्नाने आमच्या घरचा दिवाळी-खरेदीचा क्रम बदलला. सोफ्याची कव्हरे मागे पडली, डिस्का पुढे आल्या.

कपाटाएवढी डिस्क

खरेदीपूर्वी थोडा इतिहास सांगतो, कारण तो मोठा मौजेचा आहे. जगातली पहिली हार्ड डिस्क ‘आयबीएम’ कंपनीने १९५६ साली रॅमॅक या यंत्राबरोबर आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन एक टनाहून अधिक, आणि एवढ्या अवाढव्य धुडात मावत असत सुमारे ५० लाख अक्षरे. म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एखादा मोठा फोटोदेखील त्यात कसाबसा बसला असता!

आजची डिस्क साडेतीन इंची म्हणतात, ती डब्यातल्या पोळ्यांच्या चवडीएवढी. पण तिचे तत्त्व तेच आहे. तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म डोके चुंबकीय खुणा वाचत जाते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते आणि डोके तिच्यापासून अवघे काही नॅनोमीटर वर तरंगत असते. चालू डिस्कला धक्का का लावू नये, हे यावरून ध्यानात यावे. एसएसडी हा प्रकार याहून वेगळा. तिच्यात फिरणारे काहीच नसते. सारी माहिती चिपांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. म्हणून ती कितीतरी वेगवान. पण तेवढ्याच पैशांत जागा मात्र कमी देते.

कोणी कोठे राहायचे?

चाळीत जशी बिऱ्हाडांना खोल्या वाटून देतात, तशी आम्ही कागदावर वाटणी केली. पहिली खोली एसएसडीची: तिच्यावर विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम. हे गेले तरी पुन्हा बसवता येतात. तिथे हवा तो वेग. दुसरी चार टेराबाईटची हार्ड डिस्क, हे आमचे कोठीघर: फोटो, चित्रफिती, कागदपत्रे आणि ओव्या. तिसरी तेवढीच हार्ड डिस्क, दुसरीची नक्कल ठेवण्यासाठी. चौथी डिस्क पेटीच्या बाहेरची, तिच्याविषयी पुढे सांगतो.

लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वी घरी पेटी उघडून तीन गोष्टी पाहून ठेवल्या. मदरबोर्डवर साटाची किती तोंडे मोकळी आहेत, पॉवर सप्लायपासून साटाच्या किती वायरी निघतात, आणि कॅबिनेटमध्ये डिस्क बसवायचे कप्पे किती. यांतले एक जरी अपुरे असेल, तर आणलेली डिस्क टेबलावर शोभेला ठेवावी लागते.

प्रत्यक्ष जोडणी

जोडणी हे काम मिक्सरचे भांडे बसवण्याहून फारसे अवघड नाही. संगणक बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, आणि डिस्क कप्प्यात सरकवून स्क्रूंनी पक्की करावी. सैल डिस्क थरथरते, आणि थरथर हा तिचा शत्रू. मग दोन वायरी: विजेची रुंद, माहितीची अरुंद. दोन्ही एकाच बाजूने बसतात, म्हणून जोर लावू नये.

पूर्वीच्या संगणकांत एका पट्टीसारख्या वायरीवर दोन डिस्का असत आणि थोरली कोण, धाकटी कोण, हे इवल्याशा टोपणांनी ठरवावे लागे. दोघींनाही थोरलेपण दिले, की जावांजावांचे वाजावे तसे वाजे आणि संगणक अडून बसे. २००३ पासून साटा आल्यावर प्रत्येकीची चूल वेगळी झाली आणि हा कलह मिटला.

एक पथ्य मात्र पाळा. एसएसडीवर विंडोज नव्याने बसवताना बाकीच्या डिस्कांच्या वायरी काढून ठेवा. नाहीतर विंडोज आपली सुरुवात करणारा भाग भलत्याच डिस्कवर ठेवते. पुढे ती डिस्क काढली, की संगणक सुरूच होत नाही.

नवी डिस्क जोडल्याबरोबर ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही, म्हणून घाबरू नये. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिची आखणी करावी लागते. तिथे एमबीआर आणि जीपीटी असे दोन पर्याय येतात. एमबीआर ही जुनी पद्धत दोन टेराबाईटच्या पुढची जागा वापरू शकत नाही, म्हणून मोठ्या डिस्कला जीपीटीच निवडावे. पण ही आखणी फक्त कोऱ्या डिस्कची! जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल संगणकाने हाच प्रश्न विचारला, तर ‘नको’ म्हणून आधी जाणकाराला गाठावे.

चार टेराबाईटची डिस्क विंडोजने ३.६३ची दाखवली, तेव्हा चिरंजीव दुकानदारावर उखडले. पण दुकानदार निर्दोष होता. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात म्हणून बाजारात असाच घोळ झाला होता. माल तेवढाच, माप वेगळे!

त्या रात्री पहिल्याने ओव्या उतरवल्या, मग फोटो, मग बाकीचे. आजारी डिस्कवरून अगोदर मोलाचे काढावे. सिनेमे नंतरही मिळतात.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

दोन डिस्का एकत्र बांधण्याच्या ‘रेड’ नावाच्या पद्धती आहेत. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली लिहिलेल्या निबंधातून हे नाव रूढ झाले. त्यांतल्या ‘शून्य’ प्रकारात माहिती दोन्ही डिस्कांवर विभागून लिहितात. वेग वाढतो; पण दोहोंपैकी कोणतीही एक गेली, की सगळेच गेले. ‘एक’ प्रकारात दुसरी डिस्क पहिलीचा आरसा होते. एक बिघडली तरी काम थांबत नाही, हा लाभ खरा. परंतु नातवाने चुकून एखादा फोटो पुसला, तर आरशातूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून आम्ही आरसा न करता रोज रात्री नक्कल घेणे पसंत केले. त्यात पुसलेल्या फाईलीही महिनाभर राखून ठेवतो.

तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांकडे अशाच दोन डिस्का होत्या. पावसाळ्यात एका रात्री वीज कडाडली आणि आलेल्या दाबाने एकाच पेटीतल्या दोन्ही निकामी झाल्या. चोर आला तर पेटीच उचलून नेतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने दाखवून दिले, की खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या सर्वच डिस्कांना कुलूप घालू शकतो. एकाच छपराखालच्या दोन प्रतींचे नशीबही एकच असते.

जाणकारांचा नियम असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. साधनांच्या दोन प्रकारांसाठी ओव्या आणि निवडक फोटो एका डीव्हीडीवरही घेतले. घराबाहेरचे काम आमच्या चौथ्या डिस्ककडे आहे. खरे म्हणजे त्या दोन आहेत, आळीपाळीने वापरायच्या. एक नेहमी नाशिकला आमच्या धाकट्या बहिणीकडे, तिच्या कपाटात असते. दुसरी घरी, नक्कल घेऊन झाली की वायर काढून ठेवलेली. संक्रांत, गणपती आणि भाऊबीज, अशी वर्षातून तीनदा त्यांची अदलाबदल होते. नेताना प्रत्येक वेळी चार फाईली उघडून पाहायच्या, कारण न तपासलेली प्रत ही न उघडलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी. आत बुरशी आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही.

यंदा भाऊबीजेला डिस्क बहिणीच्या हाती देताना तपासणीसाठी म्हणून ओव्यांची फाईल लावली. “दादा, पुढची राहू दे चालू,” ती म्हणाली. फराळाची ताटे तशीच राहिली. चाळीस मिनिटे घरात कोणी उठले नाही.