पेशीचे दार चंडीपुरा कसे उघडतो?

दरेकसा (जि. गोंदिया) - मुंबई-हावडा लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपता संपता सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे छोटे स्थानक लागते. चहूबाजूंना जंगल, जवळच हाजरा फॉल आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेली कचारगडची गुहा. पावसाळ्यात हा परिसर पर्यटकांना खुणावतो. आरोग्य यंत्रणेला मात्र याच महिन्यांत पूर्व विदर्भातील अशा जंगलकाठच्या गावांची निराळी काळजी असते. शेणामातीच्या भिंतींना पडलेल्या ओलसर भेगांत वाळूमाशी वाढते. डासाच्या पाव आकाराची ही माशी चावली, की क्वचित चाव्यासोबत चंडीपुरा हा विषाणूही शरीरात शिरतो. त्याचा घाला प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुलांवर पडतो. ताप, उलट्या, झटके, गुंगी अशा क्रमाने, अनेकदा एक-दोन दिवसांतच, मूल हातचे जाते.

हा विषाणू मूळचा विदर्भातलाच. १९६५ साली नागपुरात तापाची साथ असताना चंडीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला आणि त्या ठिकाणाचेच नाव त्याला मिळाले. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे तो निरुपद्रवी समजला गेला. २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा हा समज पुसला गेला. २००७ मध्ये गोंदिया ज्या महसुली विभागात येतो त्या नागपूर विभागात त्याची साथ आली. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले, ८२ मरण पावले. त्यांतील ६४ जणांत चंडीपुराचे निदान पक्के झाले, बहुतेक गुजरातमधील होते.

इतक्या वेगाने हा विषाणू काम कसे उरकतो? त्याच्या उत्तराचा पहिला भाग पेशीच्या उंबरठ्यावरच सापडतो.

आवरण, तेही उसने

चंडीपुराचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे सहा हजारांहून अधिक विषाणू एकापुढे एक मावतील. आत सुमारे अकरा हजार अक्षरांचा आरएनए आणि एकूण पाच प्रकारची प्रथिने, एवढाच त्याचा संसार. बाहेर स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. हे आवरण विषाणू स्वतः तयार करीत नाही. आधीच्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतो. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, एचआयव्ही आणि कोरोना हेही अशाच आवरणधारी विषाणूंपैकी. साबणाने हे आवरण विरघळते, म्हणून कोरोनाकाळात हात धुण्यावर भर होता. चंडीपुरा थेट माशीच्या सोंडेतून रक्तात उतरतो, त्यामुळे तेथे साबणाचा इलाज चालत नाही.

आवरणामुळे विषाणूपुढे एक अडचणही उभी राहते. आतला आरएनए पेशीत पोहोचवायचा, तर स्वतःचे आवरण आणि पेशीचे पटल ही दोन्ही एकजीव व्हायला हवीत. वरणावर तरंगणारे तुपाचे दोन थेंब जवळ आले की सहज मिसळतात. पेशीच्या पटलांचे तसे नाही. त्यांच्या पृष्ठभागाला पाण्याचा पातळ थर घट्ट चिकटलेला असतो आणि तो दूर सारायला बरीच ऊर्जा लागते. ही ऊर्जा पुरवण्याचे काम आवरणावर काट्यांसारखी उभी असलेली ‘जी’ प्रथिने करतात.

पेशीचेच आम्ल, पेशीवरच उलटते

या प्रक्रियेचे वर्णन करताना ‘कुलूप आणि किल्ली’ ही उपमा हमखास दिली जाते. ती अर्धवट आहे. किल्ली बसण्याने विषाणू पेशीला केवळ चिकटतो. दार उघडण्याचे काम त्यानंतरचे. चंडीपुराचा जवळचा नातलग म्हणजे अमेरिका खंडात गुरे-घोड्यांना तोंडाचे फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू. तो पेशीवरील एलडीएल ग्राहकाला चिकटतो. हा ग्राहक एरवी कोलेस्टेरॉल वाहणारे कण आत ओढून घेतो.

विषाणू चिकटला की पटलाला खळी पडते, ती खोल होते आणि विषाणूला पोटात घेऊन एका पिशवीच्या रूपाने आत तुटून येते. बाहेरचा ऐवज गिळण्याची ही पेशीची रोजचीच रीत आहे. गिळलेले पचवण्यासाठी पेशी या पिशवीत आम्ल भरू लागते, आणि विषाणूला हवा असलेला इशारा नेमका तोच असतो.

आम्लता वाढताच ‘जी’ प्रथिनातील हिस्टिडिनसारख्या काही अमिनो आम्लांवर धनभार येतो आणि प्रथिनाचा तोल ढळतो. तिघांच्या जुडीत उभी असलेली प्रथिने आपला आकार मोडतात. त्यांचे टोक उलटून समोरच्या पटलात रुतते. मग प्रथिन केसात खोचायच्या पिनेसारखे दुमडते आणि दोन्ही पटले एकमेकांवर ओढली जातात. आधी बाहेरचे थर मिसळतात, मग आतले. छिद्र पडते, ते रुंदावते आणि आरएनए पेशीत उतरतो. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये चंडीपुराच्या ‘जी’ प्रथिनाचा आम्ल अवस्थेतील आकार आणि २०१७ मध्ये मधल्या अवस्थांतील आकार क्ष-किरणांच्या साह्याने उलगडून दाखवला. नागपुरात सापडलेल्या विषाणूच्या प्रथिनाने अशा रीतीने एका संपूर्ण विषाणू-कुळाचे गूढ सोडवण्यास हातभार लावला, ही बाब येथे फारशी कोणाला माहीत नाही.

औषध का नाही?

पिशवीतले आम्लच रोखले तर? प्रयोगशाळेतील पेशींवर क्लोरोक्विनसारखी औषधे हे करून दाखवतात. परंतु २०२० मध्ये कोरोनाने या मोहाची किंमत दाखवून दिली. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत यशस्वी ठरलेले हे औषध माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत निष्प्रभ ठरले, कारण तेथे कोरोनाच्या काट्याला कापणारे विकर पेशीच्या पृष्ठभागावरच हजर असते आणि विषाणूला आम्लाची गरज उरत नाही. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतही रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही. एकीकरण रोखणे अशक्य मात्र नाही. एचआयव्हीचे काटे दुमडण्याआधीच अडवणाऱ्या एन्फुविर्टाइड या औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये, म्हणजे आंध्रातील साथीच्याच वर्षी, मान्यता मिळाली होती.

चंडीपुरावर असे विशिष्ट औषध नाही, मान्यताप्राप्त लसही नाही. लसीसाठी ‘जी’ प्रथिनावर नजर असणे स्वाभाविक आहे, कारण ते रोखणारी प्रतिपिंडे विषाणूला दारातच अडवतात. पण शरीराला ती नव्याने घडवायला काही दिवस लागतात आणि हा आजार तेवढी उसंत देत नाही. शिवाय ज्या रोगाच्या साथी अनेक वर्षांच्या अंतराने आणि बहुतांशी गरीब वस्त्यांत येतात, त्याच्या लसीला बाजारपेठ मिळणेही अवघड.

तोवर रुग्णालयात ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूवरील सूज कमी करणे आणि गरज पडल्यास श्वासाला यंत्राचा आधार देणे हेच उपचार. म्हणून तापलेल्या मुलाला झटका आला किंवा गुंगी चढली, तर सकाळची वाट न पाहता त्याला हलवायला हवे. दरेकसाहून आधी गोंदिया गाठावे लागते. तेथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर त्यापुढे आणखी सुमारे १३० किलोमीटर. वाळूमाशी फार उंच उडत नाही, बहुधा उड्या मारीतच जाते, पण नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरते. त्यासाठी बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी लागते. भिंतींवरील फवारणी आणि भेगा लिंपून घेण्याचे काम पावसाळ्याच्या तोंडावर, जूनपूर्वीच व्हावे लागते.