वेलस्लीचे दख्खन : तोफा, तांडे आणि घाटवाटा

आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १७६९ साली डब्लिनमधल्या एका सरदार घराण्यात जन्मला. १७८७ मध्ये तो सैन्यात शिरला, फ्लँडर्सच्या फसलेल्या मोहिमेत लढाई कशी करू नये ते शिकला आणि १७९७ मध्ये कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर जनरल झाला. त्याच्या बढत्यांमागे हा वशिला होताच. पण वशिल्याने पलटण मिळते, पलटणीचा दाणागोटा नव्हे. तो त्याला म्हैसुरात शिकावा लागला. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात सुलतानपेठच्या रात्रहल्ल्यात त्याची फजिती झाली. टिपू पडल्यावर शहराचा कारभार मात्र त्याच्याकडेच आला आणि त्याबरोबर म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे चपळ बैल त्याच्या हाताशी आले. १८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग त्याने याच बैलांच्या आणि लमाणांच्या तांड्यांच्या जोरावर तडीस नेला.

१८०३ च्या दख्खनच्या मोहिमेचे मर्म या बैलांत आणि तांड्यांत आहे आणि नेमके तेच आपल्याकडच्या लेखनात वगळले जाते. दर दिवाळीला कोणी ना कोणी शिंद्यांच्या पराभवामागच्या फितुरीची तीच कथा नव्याने सांगतो. शिंद्यांचे काही युरोपीय अधिकारी इंग्रजांना मिळाले हे खरेच. पण असईच्या लढाईत त्यांच्याच पोलमन या अधिकाऱ्याच्या पलटणी इंग्रजांशी लढल्या आणि गोलंदाज तोफांशेजारीच कापले गेले. त्यांना फितूर ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांचा पराभव केला आणि वर्षअखेरीस पेशवा बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्याला गादीवर बसवायला वेलस्ली निघाला. बाजीरावाचा भाऊ अमृतराव शहर जाळणार अशी हूल उठल्याने त्याने घोडदळासह अखेरचे सुमारे ६० मैल ३२ तासांत तोडले आणि २० एप्रिल १८०३ रोजी पुणे गाठले. जूनमध्ये तो शिंद्यांच्या अहमदनगरच्या रोखाने निघाला, पण चाऱ्याच्या टंचाईने आणि पावसाने बैल पटापट मेले आणि फौज रखडली. पाठाळ बैल कुठे मिळतील, तांडे कुठे अडलेत, गोणी किती भरल्या याच विवंचनेने त्या महिन्यांतली त्याची पत्रे भरली आहेत. नद्या उतरण्यासाठी चामड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या नावा त्याने आधीच करवून घेतल्या होत्या. ८ ऑगस्टला नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला हाती आला. आता धान्याचे कोठार हक्काचे झाले.

२३ सप्टेंबरच्या असईच्या लढाईवर भरपूर लिहिले गेले आहे. केळणा नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसली तेव्हा मधे उतार असणारच, असे त्याने ताडले आणि ते बरोबर निघाले. त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. वॉटर्लूनंतरही तो असईलाच आपली सर्वांत उत्तम लढाई मानत असे. आडगावची लढाई, गाविलगडचा वेढा, देवगावचा तह, सुर्जी-अंजनगावचा तह हे सारे डिसेंबरअखेर उरकले.

यानंतरच्या गोष्टी जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला जास्त जवळच्या आहेत. १८०४ च्या दुष्काळात नगरला त्याने कामे काढून भुकेल्यांना पोसले. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत बोरघाटाची वाट त्याने दुरुस्त करवली. सातवाहनांपासून जकात घेणाऱ्या नाणेघाटाचे दिवस फिरायला तिथूनच सुरुवात झाली, कारण तोफेचा गाडा जिथून जातो तिथूनच व्यापाराचा गाडाही जातो. नाणेघाट पाठाळ बैलांचाच राहिला.

१८०५ मध्ये तो मायदेशी परतला. त्याची रीत मात्र इथेच राहिली. असईला त्याच्या शेजारी घोड्यावर असलेला एल्फिन्स्टन १८१७ मध्ये पुण्याचा रेसिडेंट होता. खडकीच्या लढाईनंतर पळणारा बाजीराव डिसेंबरात ओतूरकडे आला. त्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे त्याला तिथे मिळाला, पण इंग्रजांच्या जनरल स्मिथची फौज जवळ आल्याने तो दक्षिणेला वळला आणि कोरेगावची लढाई झाली. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या मेजर एल्ड्रिजची तुकडी जुन्नरात आली. चावंड किल्ल्यावर शंभराहून अधिक गोळे टाकल्यावर गडकरी शरण आले आणि पाठोपाठ नाणेघाटावरचा जीवधनही पडला. मग इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आज तिथे लोखंडी दोरांना धरून चढणाऱ्या मंडळींना नाणेघाटातला उलटा धबधबा कुठे दिसतो ते पाठ असते. त्या पायऱ्या कोणी आणि का तोडल्या हे विचारणारा विरळा. नाणेघाटातल्या जकातीच्या दगडी रांजणातही आता वेफर्सची पाकिटे पडलेली असतात.

युरोपातले पर्व सर्वांना ठाऊक आहे : पोर्तुगाल, तालावेरा, सालामांका, व्हिटोरिया आणि १८ जून १८१५ चे वॉटर्लू. स्पेनच्या डोंगरांत रसद अडली की त्याला म्हैसूरच्या बैलांची आठवण येई. १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि कॅथलिकांना हक्क देणारा कायदा स्वपक्षाचा रोष पत्करून त्याने करून घेतला. मतदारसंघांच्या सुधारणेला मात्र त्याने हट्टाने विरोध केला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये त्याचे सरकार कोसळले. त्याच महिन्यात मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचा जुना मित्र सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीला खुला केला. वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ रोजी वारला.