फोटोंना नावे असू द्या!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात फोटोंचा डबा आहे ना? असणारच! बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, नाहीतर साडीचे खोके. दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावरून खाली येतो, अर्धा तास सगळे त्याच्याभोवती जमतात, "अय्या, हे बाबा?" असं हसून होतं, आणि डबा पुन्हा माळ्यावर!

माझ्या आईच्या आईचा असाच एक डबा आमच्याकडे आला, पण ती गेल्यानंतर. त्यातल्या निम्म्या माणसांना आज कुणीच ओळखत नाही. नऊवारीतल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई तर चार फोटोंत आहेत. म्हणजे जवळच्याच असणार. पण कोण? सांगणारे माणूसच गेले. तो चटका मनात होता. म्हणून वडिलांच्या आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले तेव्हा मी म्हटले, शाल आणि चांदीची वाटी सगळेच देतील. आपण आजीला तिच्या फोटोंचे पुस्तक द्यायचे. त्या चार महिन्यांत जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी माणूस, मग फोटो

पहिली गोष्ट, भेट गुपित ठेवायचा हट्ट सोडा. नावे त्या माणसाकडूनच मिळायची असतात. दुपारचा चहा झाला की आम्ही दोघी बसत असू. एका बैठकीत दहा-बारा फोटो पुरे. "हे कोण?" एवढेच विचारले तर एका शब्दात उत्तर येते. "ही साडी कुणी घेतली होती? फोटोला कुठे गेला होतात?" असे विचारून पाहा, मग गोष्टच सुरू होते. शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

प्रत्येक फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नंबर घाला आणि वहीत त्या नंबरापुढे माहिती लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेचा आधार घ्या. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, ह्या खुणा जुन्या माणसांच्या मनात पक्क्या असतात. "पुराच्या आधीचा की नंतरचा?" म्हटले की आजी बरोबर सांगायची. तरीही खात्री नसली तर सरळ 'सुमारे १९६५' लिहावे. ठोकून देऊ नये.

नक्कल करताना

आपल्याला वाटते, काळेपांढरे फोटो जुने म्हणून ते आधी खराब होणार. पण आहे उलटेच. त्यांतले चित्र चांदीच्या कणांचे असते. फोटो नीट धुतलेला असला तर साठ-सत्तर वर्षे सहज टिकतो. १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो मात्र बंद अंधारातही विटत जातात. आईच्या लग्नातल्या हिरव्या शालूचा आता तांबूस झालाय! म्हणून रंगीत फोटोंची नक्कल आधी करून घ्या.

चिकट पानावर फोटो ठेवून वरून प्लास्टिक ओढायचे अल्बम त्याच काळात घरोघर आले. त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. ओरबाडू नका. आधी पान आहे तसेच स्कॅन करावे. मग बारीक रेशमी दोरा फोटोखालून हळूहळू पुढे-मागे फिरवून सुटतो का पाहावे. काचेला चिकटलेला फोटो असेल तर काचेसकटच त्याची कॉपी काढा.

स्कॅन करताना, फोटो आहे त्याच आकारात छापायचा तर ३०० डीपीआय आणि दुप्पट मोठा करायचा तर ६०० डीपीआय, एवढे दुकानदाराला सांगितले की झाले. घरी मोबाइलवर काढायचा असेल तर खिडकीच्या सौम्य उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोच्या बरोबर वर आडवा धरून काढावा.

निवड आणि चार ओळी

आमच्याकडे तीनशे चाळीस फोटो निघाले. पुस्तकात घेतले साठ. एकाच समारंभाचे दहा फोटो घातले तर बघणारा पाने उलटत सुटतो. एका आठवणीला एक फोटो पुरे. खाली डावीकडून उजवीकडे नावे, गाव, साल, आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांतली एखादी ओळ. त्या ओळीला मुळीच इस्त्री करू नका. आजीने लग्नाच्या फोटोखाली लिहायला सांगितले, "ह्या दिवशी मला फार भूक लागली होती." आम्ही तसेच लिहिले!

ज्या फोटोची आठवण दुखरी असेल, तो विचारल्याशिवाय घालू नका. आजीच्या थोरल्या भावाच्या मुंजीचा, १९५१ सालचा एक फोटो आहे. पुढच्या रांगेत कडेला फ्रॉकमधली एक पोर नेमकी हललेली, त्यामुळे तिचा चेहरा पुसट आलाय. आम्ही इतकी वर्षे तिला शेजारची समजत होतो. आजी बराच वेळ फोटो हातात धरून बसली. मग म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. पुढच्याच वर्षी तापाने गेली. हिचा एवढाच फोटो."

माझ्या वडिलांनासुद्धा हे ठाऊक नव्हते! मी भीत भीत विचारले, "आजी, हा घालू की नको?"

"घाल," ती म्हणाली. "तिचं नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही गं."

पुस्तक हाती येईपर्यंत

घरी करायचे तर जाड, आम्लरहित कार्डशीटची पाने घ्या. फोटो डिंकाने वा सेलोटेपने चिकटवू नका. कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यांत अडकवा आणि दोन पानांमध्ये बटरपेपर घाला. चार भावंडांना एकेक प्रत द्यायची असेल तर फोटो लॅबमधून छापून घेणे सोयीचे.

पण छापण्याआधी मजकूर दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. माझ्या हातून एका फोटोत काका आणि आत्याचे यजमान यांची अदलाबदल झाली होती. आत्याने वेळेवर पाहिले, म्हणून बरे!

मूळ फोटो साध्या कागदी पाकिटांत घालून कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. माळा तापतो आणि बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. पाऊस सरला की पाकिटे उघडून वारा द्यावा, पण उन्हात मांडू नयेत. स्कॅन केलेली चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

आणि हो, आजचे फोटोही विसरू नका. मोबाइलमध्ये हजारो साठतात, पण नाव एकालाही नसते. वर्षाकाठी बारा निवडा, छापून घ्या, मागे नावे लिहा.

समारंभाच्या दिवशी आजीने पुस्तक मांडीवर घेतले. मुंजीच्या पानावर आली तेव्हा माझ्या लेकीला जवळ बोलावून म्हणाली, "हे नाव मोठ्यानं वाच बघू." सात वर्षांच्या पोरीने खणखणीत आवाजात वाचले. सत्तर वर्षांहून अधिक काळाने ते नाव आमच्या घरात उच्चारले गेले. आजी नुसती मान हलवत राहिली.

म्हणून सांगते, दिवाळीची वाट पाहू नका. येत्या रविवारीच डबा खाली काढा. नावे सांगणारे माणूस घरात आहे, तोवर!